स्टेअरमंड सायक्लोन: घडण उत्तम, खालच्या तोंडाकडे मात्र लक्ष हवं

सायक्लोन म्हणजे हवेला आत गोल फिरवून तिच्यातली धूळ भिंतीकडे फेकणारं आणि खाली पाडणारं यंत्र. त्यात फिरणारा एकही भाग नसतो. त्यामुळे विकत घेतो ती खरं तर मापंच. अभियंते स्टेअरमंड यांनी १९५१ मध्ये मांडलेली उच्च कार्यक्षमतेची प्रमाणं आजही वापरात आहेत, आणि हे परीक्षण त्याच प्रमाणांत बनवलेल्या सायक्लोनचं आहे.

अंगाचा व्यास १ मीटर असेल तर हवा आत येणारं चौकोनी तोंड (इनलेट) ५०० मिमी उंच आणि २०० मिमी रुंद हवं. वरच्या आऊटलेट पाइपचा व्यास ५०० मिमी, सरळ नळा १.५ मीटर, शंकू २.५ मीटर आणि धूळ पडायचं तोंड ३७५ मिमी. उंची वाचवायला शंकू आखूड केला असेल तर तो सायक्लोन घेऊ नका. आऊटलेट पाइपही आत ५०० मिमी, म्हणजे इनलेटच्या तळापर्यंत, उतरलेला आहे का ते टेप लावून पाहा. आखूड असेल तर धुळीची हवा फिरण्याआधीच वर निसटते.

इनलेटला सेकंदाला १५ मीटर वेग धरला तर हा सायक्लोन तासाला ५,४०० घनमीटर हवा घेतो. साध्या तापमानाच्या हवेला दाबातली घट साधारण ८८ मिमी उंच पाण्याच्या दाबाइतकी येते. घनता पाण्याच्या दुप्पट असलेल्या धुळीसाठी लॅपल यांच्या, पकड काढायच्या सूत्राने, हवेचे आत सहा फेरे धरून, ५० टक्के पकड सुमारे ५.४ मायक्रॉनला मिळते, म्हणजे त्या आकाराचे निम्मे कण पकडले जातात. त्याखालची धूळ बरीचशी निघून जाते. म्हणून बॅग फिल्टरच्या (कापडी पिशव्यांतून हवा गाळणाऱ्या यंत्राच्या) आधी बसवायला हा फार चांगला, पण बारीक धुळीसाठी एकट्याच्या भरवशावर नको. त्याच वेगावर एकाऐवजी अर्ध्या व्यासाचे चार सायक्लोन लावले तर हाच आकडा ३.८ मायक्रॉनवर येतो. मात्र चौघांना हवा सारखी वाटली गेली पाहिजे, नाहीतर सामाईक हॉपरमधून (खालच्या धूळ साठवायच्या पेटीतून) एकाची हवा दुसऱ्यात शिरते. नुसता वेग वाढवून पकड सुधारायला गेलं तर दाबाची घट वेगाच्या वर्गाने वाढते, आणि पुढे भिंतीवरची धूळही उखडून वर जाऊ लागते.

खरी गडबड तळाशी होते. भोवऱ्याच्या गाभ्यात दाब कमी असतो, त्यामुळे पंखा सायक्लोनच्या आधी असला आणि हवा आत ढकलत असला तरी शंकूच्या टोकाशी हवा आत ओढली जाऊ शकते. रोटरी एअरलॉकची (हवा शिरू न देता धूळ खाली सोडणाऱ्या फिरत्या झडपेची) पाती झिजली किंवा फ्लँजचं, म्हणजे जोडाच्या कडेचं, गॅस्केट दबून निकामी झालं की खालून शिरलेली हवा पकडलेली धूळ परत वर नेते. पंखा चालू ठेवून सांध्यांपाशी कागदाची पातळ पट्टी धरा. ती आत ओढली गेली तर गळती तिथेच आहे. हॉपर शंकूच्या तोंडापर्यंत भरू दिला तरी हेच होतं, म्हणून धूळ किती भरली ते कळवणारा लेव्हल स्विच घ्याच.

ओलसर, चिकट धुळीला हा सायक्लोन मानवत नाही. वायू दवबिंदूखाली गेला की शंकू आतून लिंपला जातो. तेव्हा हातोडा मारू नका: पडलेल्या पोच्यांवर धूळ आणखी धरते. बाहेरून उष्णतारोधक आवरण घाला आणि शंकूला साफसफाईचं झाकण मागून घ्या. खरबरीत धूळ इनलेटसमोरची भिंत आणि शंकूचं टोक आधी खाते. तिथे अस्तर लावायचं असेल तर वरची सगळी मापं अस्तराच्या आतून धरायला सांगा.