शाळेची टीम की क्लब? नववीच्या उंबरठ्यावरचा व्हॉलीबॉल

शिकागोच्या उपनगरांत राहणाऱ्या आणि मुलगी यंदा नववीत जाणाऱ्या घरांसाठी हे लिहितोय. ऑगस्ट जवळ आला की प्रश्न उभा राहतो: शाळेच्या ट्रायआउटला (निवड चाचणीला) पाठवायचं, शाळेबाहेरच्या खाजगी क्लबचे पैसे भरायचे, की दोन्ही? आमच्या लेकीचा खेळ व्हॉलीबॉल. आम्ही दोन्ही करून पाहिलं, आणि मग एकच ठेवलं.

महाराष्ट्रात शिकलेल्या आपल्या पिढीला शालेय स्पर्धा म्हटलं की जिल्हा क्रीडा अधिकारी, तालुका ते राज्य अशी चढण आणि दहावीचे सवलतीचे गुण आठवतात. ते सगळं सरकारी. इथे शालेय स्पर्धा भरवणारी इलिनॉय हायस्कूल असोसिएशन तशी नाही. 1900 सालापासूनची ही शाळांची स्वतःची संघटना आहे. कार्यालय ब्लूमिंग्टनला, सभासद हायस्कुलं 800 च्या वर, सरकारी आणि खाजगी दोन्ही. संचालक मंडळावर मुख्याध्यापक बसतात, आणि नियम बदलायचा असेल तर तो डिसेंबरात सभासद शाळांच्या मतदानाला जातो. खेळ कसा खेळायचा याचे नियम बहुतेक करून अशा राज्य संघटनांच्या इंडियानापोलिसमधल्या राष्ट्रीय महासंघाचे असतात. कोणी खेळायचं, कधी खेळायचं आणि कोणाशी, हे मात्र राज्याची संघटना ठरवते. पालकाला रोज भेटतो तो हा दुसरा भाग.

क्लबचं चांगलं आधी सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. आमच्या मुलीची सर्व्ह सुधारली ती क्लबमध्ये. कोचनी तिच्या हाताच्या कोनावर जितका वेळ दिला, तितका पंचवीस मुली सांभाळणाऱ्या शाळेच्या कोचला देता येईल असं वाटत नाही. सोबतच्या मुलीही तयारीच्या असतात. कॉलेजचे कोच खेळाडू शोधायला मुख्यतः क्लबच्या मोठ्या स्पर्धांना येतात, हेही मान्य करायला हवं. मुलीला कॉलेजात वरच्या पातळीवर खेळायचंच असेल, तर माझं पुढचं म्हणणं थोडं बाजूला ठेवून वाचा.

आमच्या घरी पारडं फिरलं ते हॉटेलमुळे.

क्लबच्या अनेक मोठ्या स्पर्धांत अट असते, की बाहेरगावच्या टीमने आयोजकांच्या यादीतल्याच हॉटेलात, त्यांनी नेमलेल्या बुकिंगमधूनच राहायचं. राहिला नाहीत तर टीमचा प्रवेशच अडू शकतो. आम्ही इंडियानापोलिसला गेलो तेव्हा माझा आत्येभाऊ हॉलपासून अगदी जवळ राहत होता. त्याच्याकडे रिकामी खोली होती, वहिनींनी स्वयंपाकाचंही ठरवून टाकलं होतं. तरी खोली यादीतलीच घ्यावी लागली, आणि तीही तेच हॉटेल सर्वसामान्य गिऱ्हाइकाला ज्या दरात देत होतं त्याहून महाग. टीमच्या व्यवस्थापक बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, क्लबच्या हातात काही नाही. आयोजकांना लिहिलं तर छापील उत्तर आलं. पैशांपेक्षा मला हे जास्त लागलं: दाद मागायला कोणतंच दार नव्हतं. खेळायच्या वेळा दोन-तीन दिवस आधी कळायच्या, त्यामुळे शुक्रवारी कामावरून कधी निघायचं तेही शेवटपर्यंत ठरायचं नाही. मधल्या वेळेत मुलींनाच दुसऱ्यांच्या सामन्यांत रेषेवर आणि गुणपत्रकावर बसावं लागायचं. (त्यातून त्या नियम चांगल्या शिकतात, हे खरं.) रविवारची मराठी शाळा आणि आजी-आजोबांचा फोन, दोन्ही त्या हॉटेलच्या लॉबीत विरघळून गेले.

शाळेच्या बाजूला हा प्रश्न उद्भवतच नाही, आणि तो का उद्भवत नाही हे समजलं तेव्हा संघटनेबद्दल मला आदर वाटू लागला. सीझनमधले सामने बहुतेक शेजारच्या शाळांशी, आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी. मुली शाळेच्या बसने जातात, पंच संघटनेकडे नोंदलेले असतात. ऑक्टोबरच्या अखेरीस राज्य स्पर्धा सुरू होते तेव्हा संघटना टीमचे गट भूगोल बघून पाडते. पहिली फेरी जवळपासच, मग सेक्शनल, सुपर-सेक्शनल, आणि नोव्हेंबरात नॉर्मल नावाच्या गावातल्या विद्यापीठातली अंतिम फेरी. आमच्या घरापासून ती साधारण दोन तासांवर. म्हणजे राज्य जिंकलं तरी रात्री आपल्या अंथरुणात झोपता येतं. पटसंख्येनुसार व्हॉलीबॉलमध्ये शाळांचे चार वर्ग आहेत. ज्या शाळांना हद्द नाही, म्हणजे कुठूनही मुलं घेता येतात, त्यांची पटसंख्या साधारणपणे 1.65 ने गुणून धरतात. त्यावर वाद होतात, पण आकडा सगळ्यांसमोर लिहिलेला आहे.

शाळेच्या वाटेवरचे काटेही सांगायला हवेत. मोठ्या शाळांत ट्रायआउटला पुष्कळ मुली गळतात, आणि तेव्हा घरात जे रडणं होतं त्याला उपाय नाही. दर आठवड्याला पाच विषयांत पास असावं लागतं. नववीत पाऊल ठेवल्यापासून आठ सेमिस्टर, त्यापुढे पात्रता संपली. शाळा बदलली तर एक वर्षापर्यंत बाहेर बसावं लागू शकतं, म्हणून नोकरीमुळे घर बदलणार असाल तर आधी शाळेच्या क्रीडा संचालकांशी बोला. भारतातून आलेला भाचा मामाकडे राहून शिकत असेल, तर नुसत्या पत्त्यावर तो पात्र ठरत नाही. आई-वडील किंवा न्यायालयाने नेमलेला पालक सोबत लागतो, नाहीतर संघटनेकडून रीतसर निर्णय घ्यावा लागतो. पण इथे निदान निर्णय देणारं कोणीतरी आहे, आणि तो पटला नाही तर संचालक मंडळाकडे अपील करता येतं.

शाळेचा सीझन चालू असताना त्याच खेळात बाहेरून खेळायला, मोजके अपवाद सोडता, बंदी आहे. व्हॉलीबॉलच्या मुलींना हे जाचत नाही, कारण क्लबचा मुख्य सीझन हिवाळ्यात सुरू होतो. सॉकरवाल्यांना मात्र खरंच एकच वाट निवडावी लागू शकते, कारण काही वरच्या दर्जाच्या क्लबांना मुलांनी शाळेकडून खेळलेलं चालत नाही.

खेळात रस नसलेल्या मुलांच्या पालकांनीही ही संघटना बघून ठेवावी. वादविवाद, नाटक, संगीत, इतकंच काय, गळ टाकून मासे पकडण्याची स्पर्धाही तीच भरवते. बुद्धिबळात आठ पटांची टीम असते. पहिल्या पटावर जिंकलं तर 12 गुण, मग एकेक कमी होत आठव्यावर 5. एकूण 68, जिंकायला साडेचौतीस. आठव्या पटावरच्या मुलाचे 5 गुण सामना फिरवू शकतात. आपल्या ओळखीतली कित्येक मुलं स्वतंत्र मानांकन स्पर्धांत एकेकटी खेळतात. त्यांना आठव्या पटावर का होईना, टीममध्ये बसायला मिळावं असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या घरचं गणित वेगळं असू शकतं. तंत्र पक्कं करायला क्लबचा एखादा हिवाळा वाईट नाही, प्रवास न करणाऱ्या स्थानिक टीमही असतात. पण एकच निवडायचं असेल तर मी शाळेची टीम निवडेन. त्यासाठी जुलैमध्येच डॉक्टरकडून तपासणीचा फॉर्म भरून घ्या. तो 395 दिवस चालतो, आणि तो नसेल तर ट्रायआउटच्या दिवशी मुलीला कोर्टवर उतरू देत नाहीत.