लाइन काउंटरवाली ट्रोलिंग रील, आठ महिन्यांनंतर: एक स्टार मागे घेतोय, पण पूर्ण नाही

ऑगस्टमध्ये मासेमारीच्या या रीलला (ट्रोलिंग म्हणजे हळू चालत्या बोटीमागे गळ ओढत नेणं) मी एक स्टार देऊन मोकळा झालो होतो. आता साडेतीन करतोय, ते पण नाइलाजाने. ड्रॅग (मासा ओढेल तशी दोरी अडवत सोडणारा ब्रेक), बेअरिंग, हँडल यांत बोलण्यासारखं काही नाही. माझं भांडण फक्त त्या वरच्या तीन आकड्यांच्या खिडकीशी, म्हणजे किती फूट दोरी सोडली ते दाखवणाऱ्या काउंटरशी.

खडकवासल्याला कणीस खात गळ टाकणाऱ्या माणसाला साडेसात हजारांची रील कशाला, हे बायकोने विचारून झालंय, तुम्ही विचारू नका. भाचा अमेरिकेत मिलवॉकीला असतो, त्याच्या मित्राची बोट आहे, "मामा, लेक मिशिगनवर सॅमन धरायला जाऊ" म्हणाला आणि मी इथूनच रील घेऊन गेलो. तिकडे त्यांच्याकडे होत्या, पण स्वतःची ती स्वतःची.

आता लेक म्हणायचं आपलं, 58,000 चौरस किलोमीटर आहे ते, तीन पुणे जिल्हे बुडवून वर जागा उरेल. सॅमन मुळात तिथला नाहीच, पॅसिफिकचा. अटलांटिककडून कालव्यांतून एलवाइफ नावाची चिल्लर मासळी घुसली आणि बेसुमार वाढली, ती खायला 1966 ला कोहो आणि 1967 ला चिनूक या सॅमनच्या जाती आणून सोडल्या. हे सगळं मित्राने बंदराबाहेर पडेपर्यंतच ऐकवलं.

संध्याकाळी सहाला निघालो, तिथे ऑगस्टात सूर्य आठला बुडतो. बोट माणसाच्या चालीने, ताशी चारेक किलोमीटर. दोन रॉड डाउनरिगरवर, म्हणजे साडेपाच किलोचा शिशाचा गोळा तारेवर खाली सोडायचा आणि दोरी त्याला चिमट्याने अडकवायची, मासा लागला की चिमटा सुटतो. त्यात खोली ते यंत्रच सांगतं. माझ्या रॉडला मात्र डायव्हर होता, ती प्लास्टिकची ताटली पाण्याच्या ओढीने खाली जाते आणि किती खाली ते तुम्ही दोरी किती सोडली त्यावर. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, सॅमन खाली दहा-बारा डिग्रीच्या थरात असतो, तो थर चुकला की बसा बिस्किटं खात. म्हणून काउंटर!

बोटीच्या पलीकडे त्यांच्या डायव्हरवर दीडशे फुटांवर दोन मासे आले. माझा आकडा पण दीडशे, चमचा (गळाचं चमच्यासारखं धातूचं आमिष) तोच, आणि सव्वा तास काही नाही. मित्र म्हणतोय अजून सोडा, मी म्हणतोय दीडशेच आहे ना, का सोडू. शेवटी अंधारायला लागलं, त्याने चमकणाऱ्या चमच्यावर टॉर्च मारून तो अंधारात चमकेल असा केला आणि मी वैतागून 190 केले. दहा मिनिटांत रॉड पाण्यापर्यंत वाकला. चिनूक! ड्रॅग किंचाळतोय, आकडे पळतायत, 410 झाले आणि खाली चकरीचा धातू दिसायला लागला. तेव्हाच डोक्यात गेलं, अरे दोरी तर मी शंभर यार्ड भरलीय, 300 फूट, हा 410 कुठून आणतोय?

मासा आला, साडेसहा किलो. फोटोत मी हसतोय पण डोकं काउंटरवर होतं. त्याच रात्री एक स्टार.

मग पुण्यात येऊन कंपनीशी तीन आठवडे मेलामेली. त्यांचं एकच, "स्पूल (म्हणजे दोरीची चकरी) किती भरला होता?" मला वाटलं टाळतायत. शेवटी सोसायटीच्या पार्किंगमध्ये वॉचमनला दोरीचं टोक धरायला लावलं आणि टेपने मोजलं. काउंटर 190, खरे 148. म्हणजे त्या संध्याकाळी माझा 190 हाच त्यांचा दीडशे होता!

तर हा काउंटर दोरी मोजतच नाही, चकरी किती वेळा फिरली ते मोजतो. चकरी काठोकाठ भरली असेल तर एका फेऱ्यात जेवढी दोरी जाते तो हिशोब आत बसवलाय, अर्धी भरली की फेरा लहान आणि आकडा फुगलेला. आणि अर्धी का भरली होती, तर तीनशे यार्डांचं रीळ 2,100 ला होतं आणि शंभरचं 800 ला. असो. पण खोक्यावर एक ओळ छापायला काय पैसे पडत होते?

उपाय 140 रुपयांत झाला. रविवार पेठेतून जाड नायलॉन आणला, तो खाली भरला (याला बॅकिंग म्हणतात), वर ती महागाची दोरी. आता 190 ला 184 येतात. इथे मी चार स्टार करणार होतो.

पण मागच्या महिन्यात भिगवणला उजनीच्या पाण्यात एका मच्छीमाराच्या बोटीतून पहाटे ट्रोलिंग केलं, तर खिडकीत आतून वाफ. आकडाच दिसेना. (आधी पावसाळ्यात पण झालं होतं, तेव्हा तांदळाच्या डब्यात ठेवली आणि घरात बोलणी खाल्ली.) मी शर्टाने पुसतोय तर तो म्हणाला, "साहेब, किती सोडायची ते सांगा की," आणि दोन्ही हात पसरून वाव मोजायला लागला. पंचवीस वाव. घरी येऊन टेप लावला, 141 फूट. ना बॅकिंग, ना वाफ. मासा शून्य, जलपर्णी दोनदा, तो भाग वेगळा.

म्हणून अर्धा स्टार कापला. आता दर पन्नास फुटांवर दोरीला लाल नेलपॉलिशची खूण केलीय. बाटली कुठे गेली म्हणून घरात शोध चालू आहे.