गुडघ्याचं स्टेम सेल इंजेक्शन: पैसे नेमके कशाचे घेतात

गुडघ्याच्या झिजेवर ‘स्टेम सेल’ (मूळ पेशी) म्हणून आज जे विकलं जातं, त्या एका नावाखाली चार वेगळे प्रकार आहेत. कंबरेच्या हाडातली स्वतःचीच अस्थिमज्जा काढून त्याच बैठकीत गुडघ्यात सोडतात, तो पहिला. पोटाच्या चरबीतून पेशी काढतात, तो दुसरा. तिसऱ्यात नाळेतल्या पेशींची म्हणून कुपी येते आणि चौथ्यात प्रयोगशाळेत वाढवून, मोजून, गोठवलेल्या पेशी. चौकशीला फोन कराल तेव्हा किंमत नंतर विचारा. यातलं नेमकं काय देणार, ते आधी विचारा. सरळ उत्तर न देणाऱ्या ठिकाणी पुढची चौकशी करू नये.

बऱ्याच ठिकाणी चालतो तो पहिला प्रकार, आणि त्यात सगळं अवलंबून असतं मज्जा ओढणाऱ्या हातावर. रुग्णाला पालथं झोपवून कंबरेच्या मागच्या हाडात जाड सुई घालतात आणि साधारण ६० मिली मज्जा काढतात. ती एकाच जागेवरून भराभर ओढली, तर पहिल्या काही मिलीनंतर सिरिंजमध्ये मज्जा कमी आणि साधं रक्तच जास्त येतं. म्हणून जाणकार डॉक्टर छोटी, १० मिलीची सिरिंज वापरतात, झटक्यात थोडंसं ओढतात, सुई फिरवतात, खोली बदलतात, पुन्हा थोडं ओढतात. वेळ लागतो, पण कस त्यातच आहे. सिरिंजला आधी रक्त न गोठण्याचं औषध लावलेलं नसेल तर गुठळ्या होतात आणि अर्धा माल तिथेच वाया जातो. मग सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे वेगाने गरगर फिरवून घटक वेगळे करणाऱ्या यंत्रात फिरवून ६० मिलीचे ६ ते ८ मिली करतात.

या ६ ते ८ मिलीत खऱ्या मेसेन्कायमल स्टेम सेल, म्हणजे हाड-कूर्चा घडवू शकणाऱ्या मूळ पेशी, किती? मज्जेतल्या एक लाख केंद्रकयुक्त पेशींमागे त्या जेमतेम एक ते दहा असतात. म्हणजे हाती येतात त्या हजारांत, फार तर लाखाच्या आसपास. ‘कोट्यवधी स्टेम सेल’ हा आकडा कुणी सांगितला, तर तो सगळ्या केंद्रकयुक्त पेशींचा असतो; त्यात पांढऱ्या पेशीही आल्या. खऱ्या स्टेम सेल मोजायच्या तर थाळीत त्यांच्या वसाहती वाढाव्या लागतात आणि त्याला दहा ते चौदा दिवस लागतात. त्याच दुपारी इंजेक्शन देणाऱ्याकडे तो आकडा असूच शकत नाही.

बरं, गुण येतो का? अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये एक साधा आणि फार बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. दोन्ही गुडघे दुखणारे २५ रुग्ण; प्रत्येकाच्या एका गुडघ्यात मज्जेचा अर्क, दुसऱ्यात नुसतं मीठपाणी. दोन्ही गुडघ्यांना सारखाच आराम पडला. २०२३ मध्ये ४७५ रुग्णांची मोठी चाचणी आली. त्यात मज्जा, चरबी आणि नाळ या तिन्हींतल्या पेशींची तुलना स्टेरॉइडच्या साध्या इंजेक्शनशी केली होती. वर्षभरानंतर तिघांपैकी कुणीही स्टेरॉइडपेक्षा सरस ठरलं नाही. तेव्हा ‘शेजारच्या काकांना फरक पडला’ हे खरं असलं, तरी तो फरक पेशींनीच पाडला असं त्यावरून ठरत नाही. पहिल्या तीन प्रकारांवर पैसे घालू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. नाळेच्या कुप्यांना तर हातच लावू नये. अमेरिकेत २०१८ मध्ये अशा कुप्यांमधून जंतुसंसर्ग होऊन बारा जणांना रुग्णालयात दाखल व्हावं लागलं होतं.

चौथ्या प्रकाराची गोष्ट वेगळी. बेंगळुरूच्या स्टेमप्युटिक्सचं ‘स्टेमवन’ हे उत्पादन अल्केम ही औषध कंपनी विकते आणि गुडघ्याच्या झिजेसाठी त्याला भारतीय औषध महानियंत्रकांची २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. निरोगी दात्यांच्या मज्जेतल्या पेशी वाढवून, एकत्र करून, मोजून गोठवलेल्या असतात. १४६ रुग्णांच्या चाचणीत एका गटाला एकदाच अडीच कोटी पेशी दिल्या, दुसऱ्याला पेशी नव्हत्या. दोन्ही गटांना वर २ मिली हायल्युरोनिक ॲसिड, म्हणजे लोक ज्याला वंगण म्हणतात ते. वर्षभरात पेशी मिळालेल्यांचं दुखणं आणि आखडलेपण जास्त कमी झालं आणि एमआरआयमध्ये कूर्चेची, म्हणजे सांध्यातल्या गादीची, घसरण थांबलेली दिसली. घसरण थांबणं आणि गादी नव्याने उगवणं यांत मोठं अंतर आहे. गादी नव्याने उगवेल असं कुणी कबूल करत असेल तर मानू नका.

आणि हे सगळं झिजेच्या ग्रेड २ आणि ३, म्हणजे मधल्या पायऱ्यांपुरतं. ग्रेड ठरवायला एक्स-रे उभं राहून, पायावर वजन देऊन काढलेला हवा. झोपून काढलेल्यात सांध्यातली फट खोटी रुंद दिसते. हाडाला हाड लागलेलं असेल, किंवा पाय धनुष्यासारखे वाकून सगळा भार आतल्या बाजूला पडत असेल, तर कितीही पेशी घाला, तो भार त्यांना झेपणारा नाही. तिथे हाडाचा कोन सुधारणारी किंवा सांधा बदलण्याची शस्त्रक्रियाच लागते.

गोठवलेली कुपी द्रवरूप नायट्रोजनच्या थंडाव्यात येते आणि तिथून सांध्यात पोचेपर्यंतची काही मिनिटं नाजूक असतात. ३७ अंशांच्या पाण्यात धरून, आत बर्फाचा बारीकसा खडा उरेपर्यंतच वितळवायची. पेशींना थंडीत जपणारं डीएमएसओ उबेत त्यांनाच बाधतं, त्यामुळे कुपी वितळवून ठेवली आणि डॉक्टर तासाभराने आले, तर पेशी मरू लागतात. सांध्यात पाणी असेल तर ते आधी काढावं आणि सुई सोनोग्राफीत बघून घालावी. आणखी एक चूक सर्रास होते: दुखू नये म्हणून बुपिवाकेनसारखं भुलीचं औषध सांध्यातच सोडतात. ते कूर्चेच्या आणि स्टेम सेलच्या पेशींना मारक आहे. भूल कातडीपुरतीच द्या, असं आधीच सांगून ठेवा. कुपीवरचा बॅच क्रमांक, मुदत आणि जिवंत पेशींचं प्रमाण यांचा कागद बिलासोबत मागून घ्या.

‘तारुण्य टिकवणारं’ स्टेम सेल सलाईन आता मोठ्या शहरांत विकलं जातं. या पेशी १५ ते ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि फुप्फुसातल्या केशवाहिन्या त्याहून अरुंद. शिरेतून दिलेल्या बहुतेक पेशी तिथेच अडकतात आणि थोड्याच काळात नाहीशा होतात. मेंदू, हृदय, सांधे इथपर्यंत त्या फारशा पोचतच नाहीत. गुठळी होण्याची भीती वेगळीच. भारतात आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांतलं मज्जा प्रत्यारोपण हाच स्टेम सेलचा मान्य उपचार आहे. स्टेमवनसारखी महानियंत्रकांनी मंजूर केलेली उत्पादनं सोडली, तर बाकी सगळं नोंदणीकृत चाचणीतच व्हायला हवं, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. सीटीआरआय (चाचण्यांची सरकारी नोंदवही) क्रमांक दाखवून कुणी लाखाचं बिल पुढे करत असेल, तर तिथून उठून या. विमा नियामकाच्या यादीतही स्टेम सेलखाली रक्ताच्या आजारांतलं मज्जा प्रत्यारोपणच आहे, त्यामुळे गुडघ्याचा खर्च खिशातूनच जाईल असं धरून चाला.

इंजेक्शननंतर दोन-तीन दिवस गुडघा सुजतो, जड होतो. बर्फ आणि पॅरासिटामॉलवर ती सूज उतरते. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, आणि रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ते मनाने बंद करू नका. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम करवून घेणारं कुणी त्या दवाखान्यात नसेल, तर ती सेवा अर्धीच समजा. पण सूज ओसरायची सोडून वाढत गेली, गुडघा लाल आणि गरम लागला, ताप चढला, तर फोनवर धीर घेत बसू नका. त्याच दिवशी जाऊन सांध्यातलं पाणी काढून कल्चरला, म्हणजे जंतू ओळखण्याच्या तपासणीला, पाठवायला लावा, आणि प्रतिजैविक त्यानंतर सुरू करा.