तारा लागल्यावर कोणता माउथवॉश घ्यावा?

भाचीच्या दातांना तारा लागून तिसरा महिना होता. ब्रश करून ती थुंकली तर बेसिनमध्ये फेस गुलाबी. वरच्या सुळ्याजवळची हिरडी फुगून ब्रॅकेटला, म्हणजे दातावर चिकटवलेल्या, तार धरणाऱ्या तुकड्याला टेकली होती. ताईनं औषधाच्या दुकानातूनच फोन लावला, "चार बाटल्या समोर आहेत, कुठली घेऊ?" चारही माउथवॉशच, पण प्रत्येकीचं काम वेगळं.

सुजलेल्या, रक्त येणाऱ्या हिरडीवर सगळ्यांत जोरकस म्हणजे क्लोरहेक्सिडिन. आपल्याकडे ते बहुधा ०.२ टक्के मिळतं. दातांवर आणि हिरड्यांवर चिकटून राहून ते कितीतरी तास जंतूंना दाबून ठेवतं. पण रोजच्या वापराला मी ते कधीच सुचवणार नाही. काही दिवसांतच दातांवर, जिभेवर तपकिरी डाग दिसू लागतात आणि चहा पिणाऱ्याला ते लवकर पडतात. ब्रॅकेटच्या कडेचा असा डाग घरच्या ब्रशनं निघत नाही. जेवणाची चव बिघडते, कीटणही वाढतं. म्हणून दंतवैद्यांनी सांगितलं तरच आणि सांगितले तेवढेच दिवस, साधारण दोन आठवडे. शिवाय टूथपेस्टला फेस आणणारा घटक त्याचा जोर मारतो, त्यामुळे ब्रशनंतर अर्धा तास जाऊ द्यावा. हे बऱ्याच जणांना कुणी सांगतच नाही.

फ्लोराइडच्या माउथवॉशनं हिरडीची सूज उतरत नाही. तरीही तारा असेपर्यंत रोजची बाटली म्हणून माझी पसंती त्यालाच. ब्रॅकेटभोवती जंतूंचा चिकट थर साचून दाताच्या वरच्या आवरणातली खनिजं निघून जातात आणि तारा निघाल्या की खडूसारखे पांढरे चट्टे दिसतात. फ्लोराइड नेमकं तेच रोखतं. ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइड, १० मिली, रात्री ब्रशनंतर मिनिटभर खळखळून थुंकायचं आणि अर्धा तास पाणीही प्यायचं नाही. सहा वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, ती गिळतात. यवतमाळ, नांदेड, चंद्रपूरच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथल्यांनी आधी दंतवैद्यांना विचारावं.

सीपीसी (सेटिलपायरिडिनियम क्लोराइड, एक जंतुनाशक घटक) असलेले आणि निलगिरी-थायमॉलच्या तेलांचे माउथवॉश या दोहोंच्या मधले. नवा थर साचणं थोडं कमी करतात, रोज चालतात. फक्त अल्कोहोल नसलेला घ्या, कारण तारेनं गाल सोलला असेल तर अल्कोहोल भयंकर झोंबतं.

मिठाचं कोमट पाणी तोंड आलं असताना खरंच आराम देतं. पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ पुरे. मात्र त्यानं थर निघत नाही.

मुळात साचलेला चिकट थर कुठल्याच चुळीनं निघत नाही, तो घासूनच काढावा लागतो. ताईला मी आधी बाटलीऐवजी तारेखाली शिरणारा बारीक इंटरडेंटल ब्रश घ्यायला लावला. पहिल्याच रात्री त्यातून मेथीच्या पानाचा तुकडा आणि पिवळट लगदा निघाला. भाची स्वतःच दचकली. पुढे दंतवैद्यांनी तिला दोन आठवडे क्लोरहेक्सिडिन दुपारच्या जेवणानंतर दिलं, मग रात्री फ्लोराइड. रक्त येतं म्हणून ती तिथं ब्रश टेकवतच नव्हती. आता हिरडीच्या कडेवर हलक्या हातानं फिरवते.

दोन आठवड्यांनीही रक्त थांबलं नाही, किंवा हिरडी ब्रॅकेटवर चढू लागली, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका.