पाउआसाठी बुडी: सूटला पैसे घाला, फिन स्वस्तातल्या चालतील

गेल्या डिसेंबरात ओळखीतल्या तिघांनी वेगवेगळ्या दिवशी मला खरेदीची यादी दाखवली. न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या आसपास पाउआ काढायला जायचं होतं. तिघांच्याही यादीत वर पायात घालायच्या कार्बनच्या लांब फिन होत्या, मध्ये एक दणकट चाकू होता, आणि सूटच्या रकान्यात ‘सर्फिंगचा आहेच घरात’ असं लिहिलेलं. मी तिघांनाही सांगितलं की यादी उलटी धरा.

पाउआ म्हणजे खडकाला चिकटून राहणारी, शिंपल्याची समुद्री गोगलगाय, न्यूझीलंडचा अ‍ॅबलोनी. माझी आई फोनवर अजून ‘पावा’ म्हणते, त्यामुळे मी समुद्रात बासरी शोधतो असा शेजाऱ्यांचा समज आहे. आपल्याकडे खडकावरची कालवं ओहोटीला पाय ओले करून काढता येतात. पाउआसाठी मात्र सहसा डोकं पाण्याखाली घालावं लागतं, तेही फक्त स्वतःच्या दमावर. हौशी माणसाला हवेचं सिलिंडर लावून पाउआ काढायला इथे कायद्याने मनाई आहे. सिलिंडर आणि पाउआ एकाच गाडीत किंवा एकाच होडीत सापडले तरी भानगड होते. म्हणजे स्कूबा की दमाची बुडी, हा प्रश्नच उरत नाही. प्रश्न असतो तो सामानाचा, आणि त्याचं उत्तर एका गोष्टीवर ठरतं: हे काम उथळ पाण्यातलं आहे. बहुतेक वेळा दोन ते पाच मीटर, खडकांच्या कपारीत, केल्प या समुद्री शेवाळाच्या जाड पट्ट्यांखाली, लाटेचा हेलकावा खात. तीस मीटर खोल जाणाऱ्यांसाठी लिहिलेला सल्ला इथे अर्धा लागू पडतो आणि अर्धा नडतो.

आधी सूट. इथलं पाणी भर उन्हाळ्यातही 17 अंशांच्या आसपास असतं, हिवाळ्यात 11 पर्यंत उतरतं. थंडी वाजायला लागली की पहिला जातो तो दम. पाच मीटरवर आरामात पंचेचाळीस सेकंद थांबणारा माणूस कुडकुडायला लागला की वीस सेकंदांत वर येतो. दम कमी पडतोय म्हणून व्यायाम वाढवणारे मी पाहिलेत. त्यांना खरी गरज सूटची होती.

सर्फिंगचा सूट एका तुकड्याचा असतो. पाठीला किंवा छातीला चेन, आतून कापडाचं अस्तर, बहुतेकदा टोपी नाही. सर्फर बराच वेळ पाण्याच्या वर असतो, त्याला तो पुरतो. बुडी मारणाऱ्याच्या मानेतून आणि चेनमधून प्रत्येक बुडीला गार पाणी आत शिरतं, दर वेळी नवं. बुडीचा सूट दोन तुकड्यांचा: कमरेच्या वर येणारी विजार आणि टोपी जोडलेलं जाकीट, त्याला पायांमधून पुढे घेऊन अडकवायची शेपटी. चेन कुठेच नाही. आतून अस्तर नसलेलं उघडं निओप्रीन, म्हणजे फेसासारखं रबर, ते थेट कातडीला चिकटतं आणि पाण्याला फिरायला जागा ठेवत नाही. पाच मिलिमीटरचा असा सूट आणि पाच मिलिमीटरचाच सर्फिंग सूट यांतला फरक आकड्यावरून कळत नाही, पण पाऊण तासाने ओठांच्या रंगावरून कळतो.

या सूटची किंमत दोनदा मोजावी लागते, एकदा पैशांत आणि एकदा घालताना. कोरड्या अंगावर तो चढतच नाही. बाटलीत कोमट पाणी आणि थोडं केसांचं कंडिशनर हलवून ते सूटच्या आत ओतायचं, मग बोटांच्या पेरांनी, नखं न लावता, इंच इंच वर ओढायचा. माझ्या पहिल्या सूटला मी पहिल्याच दिवशी अंगठ्याच्या नखाने काखेत चंद्रकोर पाडली. निओप्रीनच्या गोंदाने ती बुजली, पण तेव्हापासून आदल्या रात्री नखं कापतो. शनिवारी नखं कापू नयेत म्हणणाऱ्या आजीला हे सांगितलेलं नाही.

घेताना बाहेरची बाजू बघा. आतून उघडं आणि बाहेरूनही गुळगुळीत निओप्रीन असलेला सूट दिसायला सुरेख, वाऱ्यात ऊबदार, पण खडकाला घासला की फाटतो. पाउआला खडक चुकत नाही. बाहेरून नायलॉनचं कापड आणि आतून उघडं, ही जोडी घ्या. जाडी पाच मिलिमीटर. तीनचा फक्त फेब्रुवारीत, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, चालेल. सातचा ऊबदार, पण तो इतका तरंगवतो की कमरेला शिसं वाढवावं लागतं. जुना सूट स्वस्तात मिळाला तर घ्या, फक्त मानेला आणि मनगटाला घट्ट बसतोय का ते अंगावर घालून पाहा. दोन्हीकडे सैल असेल तर फुकटही नको.

शिशाचा पट्टा स्वस्त आहे, पण इथे सगळ्यात जास्त चुका होतात. निओप्रीनमध्ये वायूचे बुडबुडे असतात. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो आणि ते जवळपास निम्म्यावर येतात, त्यामुळे खोल गेल्यावर सूट तरंगवायचं सोडतो. म्हणून खोल जाणारे कमी शिसं लावतात आणि ‘दहा मीटरवर ना वर ना खाली’ असा नियम सांगतात. तो नियम तीन मीटरवर पाळलात तर तुम्ही बुचासारखे वर येत राहता, एका हाताने केल्प धरून दुसऱ्याने पाउआ शोधता, आणि सगळा दम त्या झोंबाझोंबीत जातो. उलट टोकाला, तळावर दगडासारखं बसता यावं म्हणून भरमसाट शिसं लावणारेही भेटतात. त्यांच्याशी मी भांडतो. दम संपवून बेशुद्ध होण्याचा धोका वर येतानाच्या शेवटच्या काही मीटरांत आणि वर आल्यानंतरच्या पहिल्या काही श्वासांत सर्वात जास्त. त्या क्षणी शरीर आपोआप तरंगलं पाहिजे.

माझा मध्यम मार्ग असा: चार-पाच मीटरवर स्थिर राहता येईल इतपत शिसं, पण पृष्ठभागावर सगळा श्वास सोडल्यावरही डोकं पाण्यावर राहिलं पाहिजे. राहिलं नाही तर एक किलो काढा, मग पुन्हा पाहा. मी सात किलोने सुरू केलं आणि साडेपाचवर आलो. तुमचा आकडा वेगळा असेल, माझा उचलू नका.

पट्टा नायलॉनचा की रबराचा? रबराचा. नायलॉनचा पट्टा वर किनाऱ्यावर घट्ट बसतो. खाली गेलं की सूट दबतो, पट्टा सैल होतो आणि डोकं खाली असताना शिसं घसरून काखेत येतं. माझं आलं होतं, आणि पाण्याखाली उलटं लटकून पट्टा सरळ करण्याइतकी बेंगरूळ कसरत दुसरी नाही. रबर ताणून बांधलं की शरीराबरोबर आकसतं. बकल एका हाताने, एका झटक्यात सुटणारं हवं. दोन्ही पट्ट्यांना ही अट सारखीच.

याच ओघात सामानात न मोडणारी एक गोष्ट सांगतो. एकट्याने जाऊ नका. आणि दोघांनी एकदम बुडी मारली तर तेही एकट्याने जाण्यासारखंच. एक खाली असताना दुसऱ्याने वर राहून बघायचं. बुडीआधी भराभर श्वास घेऊन ‘दम भरायचा’ नाही. त्याने प्राणवायू फारसा वाढत नाही, फक्त श्वास घ्यावासा वाटायला लावणारा कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि शरीराची घंटा उशिरा वाजते. जितका वेळ खाली, त्याच्या किमान दुप्पट वेळ वर.

आता त्या कार्बनच्या फिन. हलक्या असतात, कमी श्रमात खोल नेतात, खिसाही हलका करतात. आणि खडकावर आपटल्या की तडकतात. आपल्याला तीन-चार लाथांत तळ गाठायचा असतो. तिथे कार्बनने वाचवलेली ताकद मोजायलाही मिळत नाही. फायबरग्लास मधला पर्याय, पण याच कामासाठी तोही मला उधळपट्टी वाटतो. प्लास्टिकच्या लांब फिन खडक सहन करतात आणि कार्बनच्या पैशात चांगला सूट आणि या फिन दोन्ही येतात. खरी निवड लांब की आखूड अशी आहे. किनाऱ्यावरून दोनशे-तीनशे मीटर पोहून जायचं असेल तर लांब. गोट्यांवरून धडपडत उतरून तिथल्या तिथेच कपारी धुंडाळायच्या असतील तर आखूड बऱ्या: केल्पमध्ये अडकत नाहीत, अरुंद जागेत वळता येतं. मी लांब घातल्या तर निम्म्या वेळी मागच्या माणसाचा मुखवटा उडवतो. पायात तीन मिलिमीटरचे मोजे घालणार असाल तर फिन मोजे घालूनच मापून घ्या.

मुखवटा आत कमी हवा मावणारा घ्या, म्हणजे दाब बरोबरीला आणायला नाकातून थोडीच हवा सोडावी लागते. पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवून नाकाने हलका श्वास ओढा. चिकटून राहिला तर तुमचा. मिशी असेल तर तो खालून गळणार. मिशी काढा किंवा गळणं सोसा, मी सोसतो. चष्मा असणाऱ्यांनी नंबराच्या काचा बसतात असा दोन काचांचा घ्यावा. जवळचं नीट दिसलं नाही तर पाउआ आणि खडक एकच. स्नॉर्केल साधी वाकडी नळी, झडपा-बिडपा नकोत. बुडी मारताना ती तोंडातून काढायची.

चाकू कुठल्याच पाउआ काढणाऱ्याच्या हातात नको. पाउआचं रक्त गोठत नाही, छोटी चीर पडली तरी तो वाहून मरतो. लहान म्हणून परत सोडलेला पाउआ चिरलेला असेल तर सोडण्याला काही अर्थ राहत नाही. हत्यार बोथट, गोल कडेचं, प्लास्टिकचं किंवा कडा घासलेलं स्टीलचं. पकडण्यापेक्षा वेळ साधणं महत्त्वाचं: पाउआ निवांत असतो तेव्हा शिंपला खडकापासून किंचित उचललेला असतो, तेवढ्या फटीत हत्यार एका दमात सरकवून उपटायचं. एकदा डिवचलं आणि त्याने पाय, म्हणजे खडकाला धरणारा स्नायू, आवळला की तो तुम्हाला ऐकत नाही. त्याला सोडून पुढच्याकडे जा.

पिशवी कमरेला नको. भरली की ओढते, केल्पमध्ये गुंतते. तरंगणाऱ्या फ्लोटला लटकवा. फ्लोट नाहीतरी लागतोच, होड्यांना तुम्ही दिसावेत म्हणून झेंडा लावलेला. हातमोजे जाडसर घ्या, कपारीत पाउआच्या शेजारी किना, म्हणजे समुद्री साळिंदर, काटे परजून बसलेलं असतं.

राहिलं माप. न्यूझीलंडमध्ये बहुतेक ठिकाणी काळ्या पायाच्या पाउआची किमान लांबी 125 मिलिमीटर आहे. टारानाकीसारख्या काही भागांत वेगळी आहे, आणि दिवसाला किती घ्यायचे हे तर भागागणिक बदलतं. निघण्याआधी मत्स्यविभागाच्या अ‍ॅपवर त्या किनाऱ्याचा नियम बघा. वेलिंग्टनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या तापुतेरांगा राखीव क्षेत्रात 2008 पासून काहीच काढता येत नाही, आणि ते अगदी बस जाते तिथे आहे, त्यामुळे नवखे तिथेच फसतात. कायकोराचा किनारा नोव्हेंबर 2016 च्या भूकंपात काही ठिकाणी मीटरच्या मीटर वर उचलला गेला, पाउआ उघडे पडले, आणि तिथलं पाउआ काढणं डिसेंबर 2021 पर्यंत बंद होतं. ऑनलाइन स्वस्तात मिळणारी सात इंची मापपट्टी घेऊ नका. ती कॅलिफोर्नियाच्या लाल अ‍ॅबलोनीची आहे. तिकडे केल्पची जंगलं कोसळली, समुद्री साळिंदरं माजली आणि 2018 पासून हौशी लोकांना काढणंच बंद झालं.

मापपट्टी फ्लोटवर ठेवणारे पुष्कळ. वर नेऊन मोजायचं, लहान निघाला तर वरूनच सोडायचा. तो पालथा पडतो आणि तारामासे, मासे त्याचा उघडा पडलेला पाय खातात. मी पट्टी मनगटाला दोरीने बांधतो आणि खडकावर असतानाच शिंपल्यावर धरून बघतो. मागच्या खेपेला एक अंधारात मोठा वाटला म्हणून आधी उपटला आणि मग मोजला: 123. त्याच कपारीत पाय खडकाकडे करून टेकवला आणि तळहाताने दाबून धरला. दम संपत आला होता. शिंपला हळूच खाली बसला, आवळला, तेव्हा हात सोडला.