सीएस 6 वरच थांबायचं की नवं इनडिझाइन घ्यायचं? मराठी पुस्तकं लावणाऱ्यांसाठी

दिवाळी अंकांची धांदल संपली की डीटीपीवाल्या, म्हणजे संगणकावर पुस्तकांची पानं लावणाऱ्या मित्रमंडळींचे फोन सुरू होतात. प्रश्न दरवर्षी एकच असतो, पानं लावण्याच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरबद्दलचा : ‘जुनं इनडिझाइन (सीएस 6) अजून चालतंय, पण लेखक आता युनिकोडमध्ये मजकूर पाठवतात. नवीन घेऊनच टाकू का?’ मी उलट विचारते, ‘मजकूर कोणत्या फाँटमध्ये लावता?’ उत्तर बहुतेक वेळा श्रीलिपी किंवा तशाच एखाद्या जुन्या फाँटचं असतं. मग त्यांची अडचण इनडिझाइनच्या आवृत्तीची नाहीच.

इथे दोन वेगळे बदल एकमेकांत मिसळले जातात. एक बदल सॉफ्टवेअरचा आणि दुसरा मजकुराचा, म्हणजे जुना फाँट सोडून युनिकोडवर, प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीवर, येण्याचा. 2001 साली आलेलं पेजमेकर 7 हे पानं लावण्याचंच जुनं सॉफ्टवेअर युनिकोड ओळखतच नाही. त्यात पडद्यावर ‘कि’ दिसते, तेव्हा फाइलमध्ये कुठलीतरी रोमन अक्षरं किंवा चिन्हं साठवलेली असतात आणि फाँट त्यांना देवनागरीचं रूप देतो. म्हणून त्या पीडीएफमधून एक ओळ उचलून ईमेलमध्ये टाकली की अगम्य चिन्हं उमटतात. 2012 च्या इनडिझाइन सीएस 6 मध्ये मात्र देवनागरी जोडाक्षरं नीट जुळवणारा ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ आहे. परिच्छेदाच्या पॅनलमध्ये तो निवडावा लागतो. न निवडता युनिकोड मजकूर ओतला की ‘प्रकाश’मधला प्र फुटतो, पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि ऑपरेटर म्हणतो, ‘यात मराठी चालत नाही.’ एवढ्या एका गैरसमजापायी कितीतरी ठिकाणी लेखकाचा स्वच्छ युनिकोड मजकूर पुन्हा जुन्या फाँटमध्ये रूपांतरित केला जातो. त्या उलट्या प्रवासात ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’ हे शब्द हमखास जखमी होतात. एका कथासंग्रहाचं चौथं प्रूफ वाचताना अशा शब्दांवर खुणा करून मी थकले होते. लेखिकेनं मूळ फाइलमध्ये ते सगळे बरोबर लिहिले होते, म्हणून जास्त वाईट वाटलं.

सीएस 6 वर राहिलात तर

पैसे एकदाच मोजलेले आहेत, हात बसलेला आहे, आणि छापखान्याला शेवटी पीडीएफच हवी असते. प्लेट काढणाऱ्याला ती कोणत्या आवृत्तीतून आली याच्याशी देणंघेणं नसतं. कादंबरी, कवितासंग्रह, साधा दिवाळी अंक एवढंच काम असेल तर सीएस 6 आणि एखादा चांगला युनिकोड फाँट पुरेसा आहे. फाँटसाठी हल्ली फार वणवण करावी लागत नाही. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू आहेत, ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्ता आहे, सलग मजकुरासाठी तिरो देवनागरी मराठी आहे. मराठी वळणाचे ल आणि श मिळतात की नाही, हे मात्र एक पान छापून आधी पाहा. हिंदी वळणाचा ल मराठी पुस्तकात सतत डोळ्यांना खुपतो.

सीएस 6 ची सगळ्यात मोठी किंमत तुमच्या जुन्या संग्रहात आहे. पेजमेकरच्या फाइली उघडू शकणारी इनडिझाइनची ही शेवटची आवृत्ती. पुढच्या आवृत्त्या पेजमेकरची पीएमडी फाइल घेत नाहीत. ज्यांच्या कपाटातल्या सीडींवर वीस-पंचवीस वर्षांची पुस्तकं आहेत, त्यांच्यासाठी हा पूल फार मोलाचा आहे.

पण हा पूल जुना होत चालला आहे. सीएस 6 हे 32-बिट, म्हणजे जुन्या घडणीचं सॉफ्टवेअर आहे. 2019 च्या कॅटलिना या मॅकओएस आवृत्तीपासून पुढच्या मॅकवर ते चालतच नाही. विंडोजवर अजून निभावतं, पण मशीन बंद पडलं तर नव्यानं विकत घ्यायची सोय उरलेली नाही. एकाच हार्ड डिस्कवर सगळी भिस्त ठेवून झोप लागत असेल, तर त्या डिस्कची प्रत आजच काढा.

नवं इनडिझाइन घेतलंत तर

2013 पासून इनडिझाइन बनवणाऱ्या अडोबीनं विक्रीची पद्धत बदलली. आता सॉफ्टवेअर भाड्यानं मिळतं. भाडं थांबलं की तुमच्याच फाइली उघडण्याचा मार्ग बंद होतो. वर्षाला चार-पाच पुस्तकं करणाऱ्या लहान प्रकाशकानं हे नीट जोखायला हवं. काम हंगामी असेल तर तेवढ्याच महिन्यांसाठी भाडं भरता येतं का, तो दर वार्षिक कराराच्या तुलनेत कसा पडतो, हे मांडून पाहा.

भाड्याच्या बदल्यात मिळतं काय? वैचारिक किंवा संशोधनपर पुस्तकं करणाऱ्यांना पुष्कळ काही. 2017 च्या आवृत्तीपासून तळटीप दोन स्तंभांवर पसरवता येते आणि 2018 च्या आवृत्तीत अंत्यटिपा आल्या. सीएस 6 मध्ये वर्डमधल्या अंत्यटिपांचा दुवा तुटतो आणि क्रमांक हातानं सांभाळावे लागतात. लेखकानं शेवटच्या क्षणी एक टीप मधे घुसवली की पुढच्या दीडशे आकड्यांची फेरतपासणी! हे ज्यांनी केलंय त्यांना वेगळं पटवावं लागणार नाही. शिवाय अलीकडच्या आवृत्त्यांत जोडाक्षरं जुळवण्यासाठी हार्फबझ हे इंजिन वापरलं जातं, त्यामुळे नवे देवनागरी फाँट अधिक भरवशानं दिसतात.

एक धोका आधीच लक्षात घ्या. 2023 पासून नव्या इनडिझाइननं टाइप 1 या जुन्या प्रकारचे फाँट ओळखणं सोडलं. जुनं पुस्तक अशा फाँटमध्ये लावलेलं असेल, तर फाइल उघडेल पण फाँट सापडणार नाही आणि पानंच्या पानं गुलाबी होतील. ट्रूटाइप फाँट असेल तर ही अडचण येत नाही.

परतीची वाटही अरुंद आहे. नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल सीएस 6 थेट उघडत नाही, आयडीएमएल, म्हणजे जुन्या आवृत्त्यांनाही वाचता येणारी इनडिझाइनची फाइल, काढून द्यावी लागते. त्यात ओळी सरकू शकतात आणि चारशे पानांच्या पुस्तकात एक ओळ सरकली तरी पुढचं प्रकरण हलतं. म्हणून अर्धं लावून झालेलं पुस्तक मध्येच नव्या आवृत्तीत नेऊ नका. ज्यात सुरू केलंय त्यातच संपवा.

आणि स्क्रायबस

पानं लावण्याचंच हे सॉफ्टवेअर फुकट आणि मुक्त आहे. पूर्वी कधी 1.4 वापरून निराश झाला असाल, तर ते स्वाभाविक होतं, त्यात देवनागरी जुळतच नसे. 2024 मध्ये आलेल्या 1.6 मध्ये जोडाक्षरं नीट बसतात, छपाईसाठी चार रंगांची पीडीएफही निघते. मात्र स्क्रायबस एकेक ओळ स्वतंत्रपणे बसवतं, तर इनडिझाइन अख्खा परिच्छेद पाहून ओळी तोडतं. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’सारखा शब्द अरुंद स्तंभात आला की आधीच्या ओळीत भगदाडं पडतात. त्यामुळे बालवाचनाची पुस्तकं, कविता, पत्रकं यांसाठी मी स्क्रायबस आनंदानं सुचवेन. दोन स्तंभांच्या अंकासाठी नाही.

माझा कौल

मजकूर अजून जुन्या फाँटमध्ये लावत असाल, तर आधी सीएस 6 मध्येच युनिकोडवर या. यासाठी पैसा लागत नाही, माणसाचा वेळ लागतो. पंचवीस वर्षं टाइपरायटरच्या कळफलकावर बोटं फिरलेल्या ऑपरेटरला एका दिवसात इनस्क्रिप्ट हा वेगळ्या मांडणीचा कळफलक शिक म्हणणं अन्यायाचं आहे. युनिकोडमध्येही रेमिंग्टन, म्हणजे टाइपरायटरच्या मांडणीचे कळफलक मिळतात, त्यांना त्यातला एक द्या आणि दिवाळीनंतरचे दोन-तीन निवांत महिने द्या. ई-पुस्तक, शोधता येणारी पीडीएफ, दुसऱ्या आवृत्तीसाठी तयार मजकूर हे सगळं या एका बदलानं साधतं.

टिपांची, संदर्भसूचींची कामं वाढत असतील किंवा सगळी मशीनं मॅक असतील, तर मग नवं इनडिझाइन घ्या. पण जुनं विंडोज मशीन भंगारात देण्याआधी त्यावर पेजमेकरची एकेक फाइल उघडा. ती सीएस 6 मध्ये जतन करा, आयडीएमएल काढा, मजकूर युनिकोडमध्ये बदला आणि छापलेली प्रत शेजारी ठेवून रफार, पहिली वेलांटी आणि ‘ऱ्या’ एवढ्या तीन गोष्टी तरी डोळ्यांखालून घाला. सुरुवात त्या पुस्तकापासून करा ज्याची छापील प्रतही आता तुमच्याकडे एकच उरली आहे.