इंकस्केप, इलस्ट्रेटर की कोरलड्रॉ: फक्त पकडणं, सरकवणं आणि लहान-मोठं करणं बघून ठरवायचं तर

कुठलं ड्रॉइंग सॉफ्टवेअर शिकू असं विचारलं की लोक ब्रश, ग्रेडियंट, इफेक्ट असली यादी देतात, पण प्रत्यक्ष काम करताना हात दिवसभर तीनच गोष्टी करतो, वस्तू पकडायची, सरकवायची आणि लहान-मोठी करायची. इथेच प्रोग्राम हाताला आडवा जायला लागला तर बाकी सगळं कितीही भारी असू दे, वैताग येतोच. मी तिन्हीवर काम केलंय, त्यामुळे तेवढ्यापुरतंच लिहितोय.

आधी पकडणं, कारण खरा फरक इथेच आहे. समजा मागे एक मोठा रंगीत आयत आहे आणि त्यावर तीस-चाळीस छोटी पानं काढलीयत, त्यातली डावीकडची दहा उचलायचीयत. बाहेरच्या मोकळ्या जागेतून माऊस ओढत पानांभोवती चौकट काढली की इंकस्केप आणि कोरलमध्ये चौकटीत पूर्ण आलेल्याच वस्तू सिलेक्ट होतात, म्हणजे पानं येतात आणि मागचा आयत जागेवर राहतो. इलस्ट्रेटरमध्ये चौकटीचा नुसता स्पर्श झाला तरी वस्तू सिलेक्ट होते, त्यामुळे आयतही सोबत येतो, आणि आयताच्या आतूनच ओढायला सुरुवात केली तर चौकट निघतच नाही, आयतच सरकतो! तिथे आधी आयत सिलेक्ट करून कंट्रोल-२ ने लॉक करायचा, काम झालं की कंट्रोल-ऑल्ट-२ ने सोडायचा. ही सवय लागली की त्रास नाही, पण ती लागेपर्यंत नवीन माणूस दिवसातून दहा वेळा अनडू मारतो. इंकस्केपमध्ये शिफ्ट दाबून ओढलं तर आयताच्या आतूनही चौकट निघते आणि मला हे फार आवडतं.

पण चित्र लांबलचक रेषांचं असेल, नकाशातले रस्ते वगैरे, तर उलटं होतं. रेषा पूर्ण चौकटीत आणायला झूम आउट करत बसावं लागतं, तिथे इलस्ट्रेटरचा स्पर्शवाला प्रकारच बरा. कोरलमध्ये चौकट काढताना ऑल्ट धरला की तेच होतं. इंकस्केपमध्ये काहीच सिलेक्ट नसताना ऑल्ट धरून ओढलं की एक मोकळी रेघ उमटते, ती ज्या ज्या वस्तूंवरून जाईल त्या सगळ्या सिलेक्ट होतात. (काही लिनक्स डेस्कटॉप ऑल्ट स्वतःकडेच ठेवतात, मग खिडकीच सरकायला लागते, ते सेटिंग आधी बदलून घ्या.) खाली दडलेली वस्तू पकडायला इंकस्केप आणि कोरलमध्ये ऑल्ट-क्लिक, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-क्लिक.

सरकवण्यात फार सांगण्यासारखं नाही. सरळ रेषेत सरकवायला इलस्ट्रेटरमध्ये शिफ्ट, बाकी दोघांत कंट्रोल. कॉपी टाकत जायला मात्र इंकस्केपची युक्ती मस्त आहे, ओढता ओढता स्पेस दाबत जायचं, प्रत्येक दाबाला तिथे एक कॉपी पडते. कोरलमध्ये ओढताना राइट क्लिक, इलस्ट्रेटरमध्ये ऑल्ट धरून ओढायचं.

लहान-मोठं करताना बोटांची सवय सगळ्यात जास्त आड येते. प्रमाण टिकवायला इलस्ट्रेटरमध्ये शिफ्ट, इंकस्केपमध्ये कंट्रोल आणि कोरलमध्ये काहीच नाही, कोपरा नुसता ओढला तरी प्रमाण टिकतं. इंकस्केपमध्ये शिफ्ट धरलं तर वस्तू मधून दोन्हीकडे वाढते, म्हणजे इलस्ट्रेटरहून आलेला माणूस सवयीने शिफ्ट धरतो आणि चित्र वाकडंतिकडं ताणलं जातं. आणखी एक, इंकस्केप आणि कोरलमध्ये सिलेक्ट केलेल्या वस्तूवर परत क्लिक केलं की हँडल (वस्तूभोवतीच्या ओढायच्या खुणा) बदलतात आणि ती फिरवता येते, नवख्याला वाटतं बाण बिघडले, तसं काही नसतं, अजून एक क्लिक केलं की परत पहिल्यासारखे.

आणि रेषेची जाडी! यात माझं एक पूर्ण काम वाया गेलंय. १०० मिमी रुंद चिन्हाला २ मिमीची बॉर्डर होती, मी ते २५ मिमीवर आणलं, बॉर्डर २ मिमीच राहिली आणि छापून आल्यावर आतली अक्षरं त्या काळ्या पट्ट्यात घुसमटलेली दिसली, प्रमाणात ती अर्धा मिमी व्हायला हवी होती. वस्तूसोबत जाडीही बदलायची की नाही, याचं बटण इंकस्केपमध्ये सिलेक्शन टूलच्या पट्टीवर समोरच असतं, इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्समध्ये किंवा ट्रान्सफॉर्म पॅनेलमध्ये जाऊन बघावं लागतं, कोरलमध्ये ती खूण त्या त्या वस्तूच्या आउटलाइनच्या चौकटीत असते, म्हणजे एका वस्तूला लागू आणि दुसरीला नाही असंही होऊ शकतं. या मुद्द्यावर माझं मत सरळ इंकस्केपला.

मापाच्या बाबतीत मात्र इंकस्केप सांभाळून वापरा. ५० मिमीच्या आयताला २ मिमीची बॉर्डर असेल तर इंकस्केप मूळ सेटिंगमध्ये रुंदी ५२ दाखवतो, कारण बॉर्डर धरून मोजतो, आणि बाकी दोघं ५० दाखवतात. कटिंगचं काम करणार असाल तर प्रेफरन्समध्ये जाऊन आधी बाउंडिंग बॉक्स (वस्तूभोवतीची मापाची चौकट) भौमितिक, म्हणजे बॉर्डर सोडून मोजणारा, करून घ्या.

तर शिकायला सुरुवात करताय, पैसे घालायचे नाहीत, तर इंकस्केप घ्या, पकडण्यात तो कुठेच कमी नाही. सोबतची माणसं इलस्ट्रेटरच्या फायली पाठवणार असतील तर तोच शिका आणि लॉकची सवय पहिल्या दिवसापासून लावा. दिवसभर मजकूर, चौकटी, पत्रकं मापात बसवायचं काम असेल तर कोरलचा कोपरा हाताला सगळ्यात लवकर बसतो. स्क्रीनची डिझाइनं करायची असतील तर या तिघांपेक्षा फिग्मा बघा, फक्त तिथे साधं ओढून लहान केलं की रेषा आणि अक्षरं तेवढीच राहतात, सगळं प्रमाणात हवं तर आधी के (K) ही कळ दाबायची.